चौथ्या प्लगचा घाट

यंत्रं आपसात बोलायची तेव्हाची गोष्ट. तीन लाख किलोमीटर पळालेली एक जीप घाटात आचके देऊ लागली. "पेट्रोलच भेसळीचं," तिचा चौथा स्पार्क प्लग ठणकावून सांगायचा. "माझी ठिणगी अजून पहिल्यासारखीच आहे."

उस्मान मिस्त्रींनी तीन प्लग काढले. चौथा हटून बसला. "मी निघालो तर जीप जागची हलणार नाही." मिस्त्रींनी जोर केला नाही. इंजिन निवू दिलं, प्लगच्या कडेने थोडं तेल सोडलं आणि त्याला अलगद फिरवून काढलं. मग नवे प्लग बसवून, मालकाला दाखवायला जुने डब्यात घालून त्यांनी डबा सीटवर ठेवला आणि जीप घाटात काढली.

जीप सरसर चढली. "कशी पळतेय बघा आपली जीप," चौथा डब्यात नाचू लागला. "एक आचका नाही."

"पेट्रोल बदललं वाटतं," पहिला प्लग म्हणाला.

चौथा नाचायचा थांबला. "नाही रे," तो म्हणाला, "टाकीत कालचंच आहे."