कोंबडीवाली आणि मिरचीचा तरवा

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा म्हणे कोंबड्या बोलायच्या आणि माणसं त्यांचं ऐकायची. यातलं पहिलं खरं असेल, दुसरं साफ खोटं. माणसं तेव्हाही ऐकत नव्हती. कोंबडीचं सोडा, शेजारणीचंसुद्धा ऐकत नव्हती.

नाहीतर एका बाईवर भर विहिरीवर उभं राहून ओरडायची वेळ का आली असती?

"माझ्या कोंबड्यांनी काही केलेलं नाही! पाच दिवस झाले, सांगून सांगून घसा बसला माझा. एकालाही खरं वाटत नाही?"

कुणालाच वाटत नव्हतं.

माळावरचं गाव ते. उन्हाळ्यात पाणी टिकायचं ते एकाच विहिरीला. म्हणून गावानं रीत घालून घेतली होती. होळी झाली की विहिरीजवळ सगळ्यांचा मिळून मिरचीचा एकच तरवा टाकायचा. तरवा म्हणजे रोपांचा वाफा. बी प्रत्येक घरातून मूठभर आणायचं, माती सगळ्यांनी मिळून भुसभुशीत करायची, आणि पाणी घालायचं काम एका बाईकडे सोपवायचं. रोपं वीतभर झाली की ज्यानं त्यानं आपापल्या परसात नेऊन लावायची. अख्ख्या गावाचं वर्षाचं तिखट त्या एका वाफ्यात असायचं.

आणि ज्याच्या हातून तरव्याचं वाटोळं होईल, त्याला शिक्षाही ठरलेली. रोज सकाळी, पहिली घागर भरायच्या आधी, कोतवालानं हलगी वाजवून त्याचं नाव विहिरीवर पुकारायचं. नवी रोपं लागेपर्यंत पुकारायचं. आणि तोवर त्याच्या परसाला विहिरीचं पाणी बंद.

त्या वर्षी रोपांना चार-चार पानं फुटली आणि मग एकेक रोप मान टाकायला लागलं. आज चार गेली, उद्या दहा. गाव हवालदिल झालं. विहिरीला सगळ्यांत जवळचं परस होतं एका विधवा बाईचं. तिच्याकडे नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. दुसरं कुणी नाही, काही नाही. तिला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळे आपले कोंबडीवाली म्हणायचे.

मग काय, बोट दाखवायला वेळ कितीसा लागतो?

"कोंबड्यांचंच काम हे," पाटील म्हणाला. "उकरून ठेवतात मेल्या. आणखी रोपं गेली ना, तर जत्रेच्या आधी सगळ्या कापायच्या. कोंबड्यासकट."

"उकरलंय कुठं ते दाखवा की!" कोंबडीवाली वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. "कोंबडी शिरली तर माती उडते, रोप आडवं पडतं. इथं माती जशीच्या तशी आहे. पावलं नाहीत, काही नाही. रोप उभ्याउभ्या वाळलंय."

"पायांत वहाणा घालून आल्या असतील तुझ्या कोंबड्या," सोनारीण म्हणाली, आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

कोंबडीवाली हसली नाही. ती ताडकन उठली. "दोन दिवस द्या मला. माझ्या सगळ्या कोंबड्या डालग्याखाली झाकून पाटलांच्या अंगणात ठेवते. वर दगड ठेवा, राखण बसवा. मग बघा रोपं मरतात की नाही."

तसं झालं. दोन दिवस कोंबड्या पाटलाच्या अंगणात, वेताच्या डालग्याखाली कोंडलेल्या. पाटलीण त्यांच्या ओरडण्यानं वैतागली. आणि तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर वाफ्यातल्या आणखी दोन ओळी माना टाकून बसलेल्या.

सोनारीण घागर उचलून निघाली. पाटलानं मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बरं. कोंबड्यांनी नाही. मग कुणी केलं?"

तिथं तिनं म्हणायला हवं होतं, "मला काय ठाऊक." पण सात-आठ दिवसांची आग पोटात होती. आपल्याला छळलं, आता दुसऱ्या कुणाला तरी छळा, असं होतं माणसाचं. तिची नजर फिरत फिरत कुंभाराच्या सुनेवर येऊन थांबली.

"पाणी कोण घालतं वाफ्याला?" ती म्हणाली. "विचारा तिला. भर दुपारी तापलेलं पाणी घातलं असेल. रोपं उकडली नाही तर काय होणार?"

सून परगावची. लग्न होऊन वर्षच झालेलं. आवाज असा की शेजारच्याला ऐकू येणार नाही.

"मी उजाडायच्या आत घालते पाणी," ती म्हणाली. "सावलीतल्या रांजणातलं घालते. थंड असतं."

"पाहिलं कुणी?" कोंबडीवालीनं विचारलं.

कोण पाहणार? उजाडायच्या आत गाव झोपलेलं असायचं.

तिची सासू पुढं आली. "मला आधीपासून वाटत होतं. हिच्या हातालाच गुण नाही. परवा मडकंही तडकलं. उद्या हिचं नाव पुकारलं की गाडीत घालून हिला माहेरी सोडते. पुन्हा आणायची नाही."

सून रडली नाही. तिनं फक्त कोंबडीवालीकडे पाहिलं. "मावशी, मी काही केलेलं नाही. माझं कुणालाच खरं वाटत नाही हो."

कोंबडीवालीनं पदर सावरला, कोंबड्यांचं डालगं डोक्यावर घेतलं आणि घरी निघून गेली.

घरी कामं पडली होती. चैत्र लागला की परसात बसायला फुरसत नसते. दोडक्याचा मांडव नीट बांधायचा होता. भोपळ्याच्या आळ्यांना खत घालायचं होतं. खुराडं झाडून त्यात राख टाकायची होती, म्हणजे पिसवा होत नाहीत. तिनं कोंबड्या सोडल्या. त्यांतली एक म्हातारी कोंबडी खुडूक झालेली, तिला पेंढा घालून टोपलीत बसवलं. पोटाखाली अकरा अंडी सारली. कोंबडी पंख फुगवून अशी बसली, जशी काही गावाची मालकीण.

मग बाई खताकडे वळली. तिच्या परसात कोंबड्यांच्या विष्ठेचे ढीग दोन. शेवग्याखालचा मागच्या वर्षीचा. काळा, मऊ, वास नाही, हातात घ्यावा तर पिठासारखा. दुसरा खुराड्याला लागून, यंदाचा, ताजा. तिनं जुन्या ढिगातलं टोपलीभर घेतलं आणि भोपळ्याच्या आळ्यांत घातलं.

हात धुवायला वळली तर खुराड्याजवळची कोथिंबीर दिसली. कोंबड्यानं ताजा ढीग उकरून अर्धा त्या कोथिंबिरीवर उडवला होता. पानांच्या कडा पिवळ्या पडून जळलेल्या. तिनं एक रोप उपटलं. मूळ तांबूस, चटका बसल्यासारखं.

हे मूळ तिनं पाहिलं होतं. त्याच दिवशी सकाळी, मिरचीच्या वाफ्यातलं मेलेलं रोप उपटलं तेव्हा.

"काय गं, हात का थांबला?" टोपलीतून खुडूक कोंबडीनं विचारलं.

"कोथिंबीर जळली."

"जळणारच. ताजं आहे ते, अंगात आग असते त्याच्या. तुझ्या दोडक्याला कुठल्या ढिगातलं घातलंस?"

"जुन्या."

"भोपळ्याला?"

"जुन्या."

"आणि गावानं तरव्यासाठी खत मागितलं, तेव्हा दोन टोपल्या कुठल्या ढिगातल्या दिल्यास?"

बाईनं खुराड्याजवळच्या ढिगाकडे पाहिलं. दिलं तेव्हा तिला ठाऊक होतं. जुनं खत थोडंच उरलं होतं, ते तिनं आपल्या वेलांसाठी राखलं. एवढ्या मोठ्या वाफ्यात कुठं कळतंय, असं तेव्हा मनाशी म्हणाली होती. खत दिलं म्हणून गावानं तिचं कौतुकही केलं होतं. मग ती ते विसरली. सोयीचं असलं की माणूस चटकन विसरतं.

"ठाऊक होतं तर मला आधी का नाही सांगितलंस?" ती कोंबडीवर खेकसली.

"तुला ठाऊक असलेलं तुलाच काय सांगायचं?" कोंबडीनं चोचीनं एक अंडं आत ओढलं. "आणि आता तर बोलूच नकोस. तुझ्यावरचं बालंट गेलं. आमच्या माना वाचल्या. ती पोरगी जाईल माहेरी, आपलं काय जातं? पाटलाला कळलं तर पुन्हा सुरा काढेल तो."

बाईनं कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. अंडी ऊबदार होती. सगळं आयुष्य त्या टोपलीत होतं तिचं.

"मी ओरडत होते, तेव्हा माझ्या बाजूनं एकजण उभा राहिला नाही," ती म्हणाली.

"कोण राहणार? खरं काय ते ठाऊक कुणाला होतं?"

"तेच तर," बाई म्हणाली. "हिच्या वेळी मला ठाऊक आहे."

सकाळी सगळं गाव विहिरीवर जमलं. कुंभाराच्या दारात बैलगाडी जुंपलेली, गाडीत सुनेचं गाठोडं. कोतवालानं हलगीवर काठी ठेवली. तेवढ्यात कोंबडीवाली आली. डोक्यावर खताची टोपली, मुठीत जळलेली कोथिंबीर.

"थांब रे. चुकीचं नाव पुकारायला निघालायस तू."

ती वाफ्यात बसली. मिरचीचं वाळलेलं रोप उपटलं आणि कोथिंबिरीच्या मुळाशेजारी धरलं. "बघा. पाण्यानं नाही, खतानं जळलीत. ताज्या खतानं. ते मी दिलं."

इतके दिवस ती खरं सांगत होती तेव्हा कुणी मानलं नाही. हे मात्र सगळ्यांनी एका दमात मानलं. असंच असतं.

"चुकून दिलंस?" पाटलानं विचारलं.

"नाही. चांगलं होतं ते घरी ठेवलं, ताजं गावाला दिलं. आणि वर या पोरीकडे बोट दाखवलं. खत दिलं ती चूक झाली. बोट दाखवलं ते पाप झालं."

पाटलाची नजर तिच्या परसाकडे गेली. तिथं कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"त्यांच्याकडे बघू नका," ती म्हणाली. "कोंबडी दाणे खाते आणि विष्ठा टाकते, तेवढंच तिनं केलंय. तोडायचंच तर माझ्या परसाचं पाणी तोडा. रीत तीच आहे. आणि हे जुनं खत. शेवग्याखाली आणखी आहे, सगळं घेऊन जा. वाफ्यातली वरची माती काढा, हे घाला, पुन्हा बी टाका. अजून वेळ गेलेली नाही." मग ती कुंभारणीकडे वळली. "आणि तू ते गाठोडं उतरव. नाहीतर मी उतरवते."

कुंभारणीनं मुकाट्यानं गाठोडं उतरवलं.

कोतवाल डोकं खाजवत उभा. "मग काय पुकारू? कोंबडीवाली?"

"का? कोंबड्यांनी केलंय का?" ती कडाडली. "मला नाव आहे. आईनं ठेवलंय. तेच घ्यायचं."

तिनं नाव सांगितलं. निम्म्या गावानं ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तरवा पुन्हा टाकला. मिरच्या उशिरा आल्या, पण आल्या. कोंबडीवालीचा दोडका मांडवावरच वाळला, भोपळ्याची आळी भेगाळली. एक वेल तेवढा तगला, कुंपणाकडचा. कुंभाराची सून रोज संध्याकाळी तिथं पाणी ओतायची, चाकावरच्या कामानंतर हात धुतलेलं, गढूळ. पहिल्या दिवशी बाई तिला अडवायला गेली, तर ती हळूच म्हणाली, "मावशी, परसाला विहिरीचं पाणी बंद आहे. हे आमच्या हातांचं आहे." अकरा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली. त्यांतली दोन कुंभाराच्या अंगणात गेली.

तेव्हा लहानांनो, थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या अंगावरचा आळ झटकावा, पण झटकताना तो दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये.

त्या उन्हाळ्यात एकही दिवस चुकला नाही. पहिली घागर भरायच्या आधी हलगी वाजायची, ती बाई स्वतः ताठ मानेनं विहिरीच्या काठावर येऊन उभी राहायची, आणि कोतवाल सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुकारायचा: द्वारका.