चार दिवसांची पाभर

ऐका, आणि ऐकताना मध्ये बोलू नका. माझं अवजारांचं दुकान आहे. दुकानात येणारा प्रत्येक माणूस मला एकच प्रश्न विचारतो, "ट्रॅक्टरला औजार भारीतलं घेऊ का साधं?" उत्तर दिलं तर ऐकत नाही आणि नाही दिलं तर जात नाही. म्हणून हल्ली मी उत्तर देत नाही, गोष्ट सांगतो. लहानांनीही ऐकावी, पण ती खरी मोठ्यांसाठी आहे.

ट्रॅक्टर जन्माला यायच्या कितीतरी आधी, बैलांना बोलता येत होतं आणि माणसांना ऐकून घ्यायची सवय नव्हती अशा काळात, एका राज्यात रावबा आणि गोजरा नावाचं जोडपं राहत होतं. (सवय आजही नाही, पण असो.) दोघं दुसऱ्यांच्या रानात राबायची. स्वतःचं म्हणावं असं त्यांच्याजवळ एक बैलजोडी होती आणि कणगीभर धान्य होतं.

एके वर्षी राजानं दवंडी पिटवली. पडीक रान कसायला घ्या. दिवाळीच्या पाडव्याला माझा कारकून येईल. जेवढं रान उगवलेलं दिसेल तेवढं कायमचं तुमचं, जेवढं रिकामं दिसेल तेवढं माझं.

रावबा आणि गोजराच्या वाट्याला काळ्या मातीचा चांगला तुकडा आला. त्याच्या वरच्या अंगाला जुनी विहीर होती, भरपूर पाण्याची. गोजरानं जन्मभर डोक्यावरून लांबचं पाणी वाहिलेलं. तिनं त्याच दिवशी विहिरीजवळ चार धोंडे मांडले आणि नवऱ्याला सांगितलं, "घर इथं बांधायचं. दार विहिरीकडं."

मग दोघं सुताराकडे गेली. म्हातारा सुतार गावात सगळ्यांचा मामा होता. त्याच्याकडे नांगर दोन होते आणि पेरायच्या पाभरीही दोन, एक भारी आणि एक साधी. कणगीतल्या धान्यात एक भारी वस्तू आणि एक साधी, एवढंच बसत होतं.

सुतार म्हणाला, "रावबा, नांगर साधा घे आणि पाभर भारी घे."

"उलटं सांगताय मामा," रावबा म्हणाला. "नांगर दोन महिने चालणार. पाभर लागणार चार दिवस. चार दिवसांसाठी भारी वस्तू घ्यायला मला काय वेड लागलंय?"

हा हिशेब ऐकायला इतका बरोबर वाटतो, की माझ्या दुकानात रोज कुणीतरी तो मला नव्यानं समजावून सांगतं. वर हसतंही.

सुतारानं पुन्हा सांगितलं, "अरे, नांगर आज नीट लागला नाही तर उद्या परत फिरवशील. पाभर चुकली तर तुला कळायचंसुद्धा नाही. कळेल तेव्हा ओल गेलेली असेल."

"मामा खरं सांगतात," गोजरा म्हणाली.

पण रावबाची नजर भारी नांगरावर खिळली होती. त्याच्या रुमण्यावर, म्हणजे हातात धरायच्या दांड्यावर, पितळेची फुलं ठोकलेली होती. अंगणात उभा केला तर येणारा-जाणारा थांबून बघणार. पाभरीकडे कोण बघतं? त्यानं भारी नांगर घेतला आणि साधी पाभर उचलली.

दोन महिने नांगरट चालली. लोक बांधावर थांबून फुलांचं कौतुक करत आणि रावबा मिशीवर ताव देई. जोडीतला थोरला बैल हौश्या एकदा वैतागून म्हणाला, "पितळेची फुलं ढेकळं फोडतात का रे? ओझं मात्र माझ्या मानेवर." रावबानं ऐकलं नाही. तो ऐकत नसे, हे मी आधीच सांगितलंय.

पुढं हस्ताचा पाऊस पडून उघडला आणि जमिनीला वाफसा आला. ना चिखल ना धूळ, अशी ती ओल चार दिवस टिकते आणि मग निघून जाते. रब्बीची ज्वारी तेवढ्यातच पेरावी लागते.

आता पाभर कशी असते ते सांगतो, कारण तुमच्यातल्या अर्ध्यांना ठाऊक नसणार. वर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. बाई चालता चालता चाड्यात मुठीनं बी सोडते. ते बांबूच्या तीन नळ्यांतून खाली उतरतं आणि मातीत तीन ओळी पडतात. भारी पाभरीच्या नळ्या सुतारानं आतून तापल्या सळईनं साफ केल्या होत्या. साध्या पाभरीच्या मधल्या नळीत बांबूची गाठ अर्धी तशीच राहिली होती.

पहिल्याच फेरीला गोजरा म्हणाली, "अहो, थांबवा. मधल्या नळीतनं बी उतरत नाही."

रावबानं मागं वळूनही पाहिलं नाही. "बाकीच्या दोन चालू आहेत ना?"

तिनं काडी घालून नळी मोकळी केली. दोन पावलांवर ती पुन्हा तुंबली. पुन्हा काडी, पुन्हा तेच. पाचव्यांदा तिनं थांबायला सांगितलं तेव्हा रावबा चिडला. "तू सारखी थांबवत बसलीस तर वाफसा जाईल. मूठ चालू ठेव."

तेव्हा हौश्या आपणहून उभा राहिला. "बाई काय सांगते ते ऐक की. सुताराचं घर अर्ध्या कोसावर आहे. नळी बदलायला एक सकाळ जाईल, तीन दिवस उरतील."

"बैलानं ओढावं, शिकवू नये," असं म्हणून रावबानं त्याला काठीनं टोचलं.

सांगा, काय करायचं या माणसाचं? बायको सांगते, सुतार सांगतो, बैलसुद्धा सांगतो. आणखी कुणी येऊन सांगायचं बाकी होतं? गोजरा हात दुखेपर्यंत काडी घालत राहिली आणि चार दिवसांत रान पेरून झालं. मातीखाली काय पडलं नि काय नाही, ते वरून दिसत नव्हतं.

आठव्या दिवशी दिसलं. दोन ओळी हिरव्या, एक रिकामी. पुन्हा दोन हिरव्या, एक रिकामी. या बांधापासून त्या बांधापर्यंत तसंच.

गोजरा बियांचं गाडगं घेऊन रिकाम्या ओळींत हातानं बी टोचत सुटली. पण वरची माती सुकून भेगाळली होती. त्यातलं काहीच उगवलं नाही.

पाडव्याला कारकून आला. बांधावरून नजर टाकून म्हणाला, "तिसरी ओळ कुठं आहे?"

रावबा नळीबद्दल सांगू लागला. कारकुनानं हात वर केला. "ते सुताराला सांगा. तिसरा हिस्सा रिकामा, तिसरा हिस्सा राजाचा. आता राजानं ओळींच्या मधली चिंचोळी पट्टी घेऊन काय करायचं? वरचं अंग एकसंध घेतो, विहिरीसकट."

गोजरानं आपले चार धोंडे एकेक करून उचलले आणि खालच्या बांधावर नेऊन ठेवले. ती भांडली असती तर रावबाला बरं वाटलं असतं.

गावातून जाताना कारकुनाचं लक्ष त्यांच्या अंगणात गेलं. "नांगर मात्र बघण्यासारखा आहे हो तुमचा," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी रावबानं सुताराकडून भारी पाभर आणली आणि दाणा न् दाणा उगवला. विहीर काही परत आली नाही. गोजरा रोज घागर घेऊन ओढ्यावर जायची आणि तिची वाट त्या विहिरीवरूनच जायची. विहिरीवर आता राजाचा पहारेकरी बसत असे.

परवा एका गिऱ्हाइकाला ही सगळी गोष्ट मी चहा पाजून सांगितली. त्यानं मान डोलावली, डोळेसुद्धा पुसले आणि म्हणाला, "खरंय शेठ. मग आता पेरणी यंत्र साधंच दाखवा. वर्षातनं चारच दिवस तर लागतं." मी डोक्याला हात लावला. तुम्ही तरी नीट ऐका.

बोध: अवजार किती दिवस लागतं यावरून त्याचं मोल ठरवू नका, ते चुकलं तर हातचं काय जाईल यावरून ठरवा.