शेवटच्या शेतापर्यंतचं पाणी

“आपल्यातलंच कुणीतरी पाणी चोरतंय!” फार पूर्वी डोंगराखालच्या एका गावात अशी ओरड झाली.

त्या गावाची सगळी शेती एका पाटावर होती. दरसाल घराघरांतली माणसं जमून पाटातला गाळ उपसत आणि मग पाळीपाळीनं पाणी घेत. त्या साली पाणी कमी आलं आणि पाळी नसताना कुणीतरी पाट फोडला.

पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यानं चोर पकडला. पाटलांनी त्याला कोठडीत घातलं. गाव खूश!

पुढच्या साली गाळ उपसायला तेवढे हात कमी पडले. गाळ साचला, पाणी शेवटच्या शेतांपर्यंत पोचेना. मग आणखी जणांनी पाट फोडला, आणखी माणसं आत गेली. पाटलांनी कोठडी वाढवली. भिंत वाढवायला डोकं थोडंच लागतं?

पाटकरी मात्र एकटा पडला. तो दिसला की पारावरच्या गप्पा थांबत. त्याच्याशी बोलायची ती फक्त पाटाच्या टोकाला राहणारी म्हातारी. तिचा लेक त्यानंच पकडून दिला होता, तरी तो दारावरून गेला की ती त्याला पाणी विचारायची.

एके सकाळी तीच पाट फोडताना सापडली.

“मावशी, तू पण?”

“मिरच्या जळाल्या रे. ने मला. निदान लेकाचं तोंड तरी दिसेल.”

हिला नेलं, तर पाटकऱ्याला हाक मारणारं गावात कुणी उरणार नव्हतं. तो एकटाच पाटलांकडे गेला.

“आज कोण सापडलं?” पाटलांनी विचारलं.

“आतली माणसं सोडा, पाटील. पाट गाळानं भरलाय.”

“सोडली तर चोऱ्या वाढतील!”

“कोंडून कमी झाल्या का?”

पाटील चिडले. “ठीक आहे. पण यापुढे एकदा जरी पाट फुटला, तरी तू आत!”

“चालेल.”

माणसं सुटली, गाळ निघाला. पाणी म्हातारीच्या वाफ्यापर्यंत पोचलं. वर्ष सरलं, पाट फुटला नाही. रिकाम्या कोठडीत पाटलांनी कडबा भरला.

तरी पाटकऱ्याशी कुणी बोलेना. पुढच्या गाळाच्या दिवशी सगळे झाडाखाली जेवत होते आणि तो लांब काठावर एकटाच भाकरी मोडत होता. सगळ्यात आधी कोठडीत गेलेला माणूस फावडं घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला. पाटकऱ्यानं मान खाली घातली.

“तात्पर्य काय निघालं, पाटकरी?” तो माणूस म्हणाला. “माणसं कोंडली की गाळ साचतो, आणि गाळ साचला की चोर वाढतात. चल, ऊठ आता. हा तुकडा एकट्याच्यानं उपसणार नाही.”