राजरेघ आणि टिटवीची अंडी

मला ही गोष्ट सांगायची नव्हती. गुडघे दुखतात, आणि लिहायला बसलं की जास्तच दुखतात. पण सून मागंच लागली. म्हणाली, "आबा, तुम्ही नाही सांगितली तर पोरं पारावरच्या त्या सावळेराम गुंजाळांचीच खरी धरतील." झालं. गुंजाळाची गोष्ट खरी ठरण्यापेक्षा गुडघे दुखलेले परवडले. माझी शाळा दुसरीतच सुटली, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका. गोष्ट ऐका.

फार मागं, डोंगरांनाही अजून नीट नावं पडली नव्हती तेव्हा, एक राज्य होतं. राज्याला राजा होता, आणि राजाकडं एक लाल मोटार होती.

राजाच्या काळात मोटार कुठून आली, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं उठून जावं. होती. बुटकी, लांब नाकाची, पोट जमिनीला घासेल इतकी खाली. चालू केली की तळ्यापलीकडच्या म्हशी पान्हा चोरायच्या. पळायला लागली की नुसती लाल रेघ दिसायची, मोटार दिसायचीच नाही.

राजवाड्यापुढं मोठं तळं होतं. तळ्याभोवती राजाच्या आजोबांनी दगडी फरसबंद रस्ता बांधला होता, चार मोटारी शेजारी शेजारी जातील इतका रुंद. त्याला लोक फेर म्हणायचे. दर वर्षी उन्हाळ्यात त्या फेरावर शर्यत व्हायची. शेजारच्या राजाची निळी मोटार यायची आणि दोघी पळायच्या.

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथंच अडकली आहे. मोटार पळवायला सगळ्यात जवळची अशी एक वाट त्या फेरावर होती. वळणात आतल्या कडेला चिकटून जायची, वळण संपलं की बाहेर यायची. आजोबांपासून सगळी चाकं त्याच वाटेवरून गेली. रबर घासलं, तेल ठिबकलं, दगड काळे आणि गुळगुळीत झाले. त्या काळ्या पट्ट्याला लोक राजरेघ म्हणायचे. तिची पूजा व्हायची. शर्यतीच्या आधी गावातल्या बायका नारळाची शेंडी घेऊन बसायच्या आणि राजरेघ घासून घासून लख्ख करायच्या. जिच्या वाट्याचा दगड जास्त चकाकेल, तिचं कौतुक व्हायचं.

उन्हात त्या रेघेवर मोटार चिकटून पळायची. खोटं कशाला सांगू? उन्हात तिच्यासारखी वाट नव्हती.

पण दोनदा लाल मोटार पावसात बाहेर काढली, आणि दोन्ही वेळा ती चिंचेच्या वळणावरून, जिथं फेर तळ्याकडं कललेला होता, घसरत तळ्यात गेली. माणसं पोहून बाहेर आली. मोटार दोर लावून ओढली.

फेरावर एक गुरुजी होते. सारथ्यांना शिकवणं हे त्यांचं काम. डोळे बांधून राजरेघ चालून दाखवायचे. ते म्हणाले, "रेघ सोडली असणार."

दोन्ही सारथी शपथेवर म्हणाले, "गुरुजी, रेघेवरच होतो."

"रेघेवरून कोणी घसरतं का? खोटारडे!" असं म्हणून गुरुजींनी दोघांना हाकललं.

राजानं सांगून टाकलं, "आता पुन्हा बुडाली, तर लोहाराला देतो. विळे-कोयते तरी होतील."

त्याच पावसाळ्यात शेजारच्या राजाचा निरोप आला. "तुमची मोटार म्हणजे लोणचं. पाणी लागलं की बिघडलं! आमची भिजत पळते. हिंमत असेल तर भर पावसात या."

आमच्या राजाचं डोकं फिरलं. त्यानं हो म्हणून टाकलं. मग चालवणार कोण, हा प्रश्न आला. दोन सारथी हाकललेले, बाकीच्यांची पोटं दुखायला लागलेली. उरली एक बाई. मोटारीची चाकं बदलायची, इंजिन खोलून जोडायची, आणि कोणी बघत नसताना चालवायचीसुद्धा. हात चांगला होता. खोड एकच, प्रश्न फार विचारायची. तिच्या आईला लोक म्हणायचे, "हिला प्रश्नाऐवजी घास भरव गं." अशी.

राजा तिला म्हणाला, "जिंकलीस तर मोटार कायमची तुझ्या हाती. बुडवलीस तर मोटार भट्टीत, आणि तू हत्तीखान्यात शेण काढायला."

ती हो म्हणाली. मोटार भट्टीत जाणार हे ऐकून मात्र तिनं मोटारीच्या लांब नाकावरून हात फिरवला. त्या मोटारीचा एकेक नट तिनं हातानं आवळला होता.

ती गुरुजींकडं गेली.

"गुरुजी, पावसात कुठून जायचं?"

"रेघेवरून."

"का?"

"रेघ आहे म्हणून."

"पण ते दोघं रेघेवर होते म्हणतात. खरं असेल तर मग घसरले का?"

"खरं नाही ते."

"पण असलं तर?"

गुरुजींनी छत्री मिटली, उघडली, परत मिटली. म्हणाले, "तू मोटार चालवायला आलीस की माझं डोकं खायला?"

बाई निघाली. घरी नाही गेली. पाऊस पडत होता, फेरावर कोणी नव्हतं. तिनं चपला काढून हातात घेतल्या, पदर खोचला आणि अनवाणी राजरेघेवर पाऊल टाकलं.

दुसऱ्याच पावलाला धपकन खाली बसली.

दुसरं कोणी असतं तर इकडं तिकडं बघून गपचूप उठलं असतं. ही बसल्या जागी हसली आणि तळहातानं दगड चोळून बघायला लागली. काळा दगड, वर पाणी, मध्ये तेलाची साय. साबणच. मग हात पुढं नेला, रेघेबाहेरच्या दगडावर ठेवला. तो दगड खरबरीत होता. त्यावरून कधी चाक गेलं नव्हतं, त्याला कोणी घासलं नव्हतं. हात तिथं घट्ट बसला.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "ते खरं बोलत होते."

म्हणून काय, सगळीकडं बाहेरूनच जायचं? तसं असतं तर गोष्ट इथंच संपली असती आणि माझे गुडघे सुटले असते. ती पुढं चालत राहिली. एका ठिकाणी बाहेरच्या दगडांवर शेवाळ होतं, तिथं परत आपटली. एका ठिकाणी मधूनच वाट चांगली होती. एका उतारावर पाणी वाहत होतं, तिथं कुठंच पाय ठरत नव्हता, तिथं हळू जाण्यावाचून इलाज नव्हता. दर थोड्या अंतरावर जमिनीचं उत्तर वेगळं. बाईला त्याची गंमत वाटायला लागली. हे काय आहे? आणि ते तिकडचं काय? असं करत ती चिंचेच्या वळणावर आली.

तिथं बाहेरच्या कडेला, फुटक्या दगडांच्या खडीत, एक टिटवी बसली होती. बाईला बघताच किंचाळली, "तिथंच थांब! पाय टाकशील तर डोळा फोडीन!"

"अगं, मी काय करते तुला? इथं भर पावसात का बसलीस?"

"अंडी आहेत. दिसत नाहीत?"

खरंच, खडीसारखीच ठिपक्यांची अंडी होती. बघूनही दिसत नव्हती.

"मग तिकडं का नाही घातलीस? रेघेवर जागा किती स्वच्छ आहे."

टिटवीनं मान वाकडी केली. "तू शहाणी दिसतेस आणि बोलतेस मात्र वेड्यासारखं. तिथं घातली असती तर पहिल्याच सरीला घरंगळून तळ्यात गेली असती. इथं खडीत घट्ट राहतात."

बाई उकिडवी बसली. "एक विचारू?"

"नाही म्हटलं तरी विचारशीलच."

"हे चाकाचं काम मला कळलं. पायाचं नाही कळलं. मी ब्रेक दाबला की मोटार घसरते. नाही दाबला तर वळत नाही. रेस दिली की मागची बाजू फिरते. मग पाय ठेवायचा कसा?"

टिटवी म्हणाली, "मी अंड्यांवर बसते ते बघितलंस?"

"बघितलं."

"सगळं वजन त्यांच्यावर आहे. एक तरी फुटलं का?"

"नाही."

"का नाही?"

बाई बघत राहिली. टिटवी एकदम बसत नव्हती. आधी पोट टेकवायची, मग थोडं, मग अजून थोडं, अशी उतरायची. उठतानाही तशीच.

"वजन द्यायचं, पण दणका द्यायचा नाही," बाई हळूच म्हणाली.

"आता जा. आणि तुझी ती बोंबलणारी लाल डबडी इथून नेणार असशील तर माझ्या अंड्यांपासून हातभर लांब. त्याहून जवळ आलीस तर मी ओरडेन."

"ओरड. मला ऐकू येईल."

शर्यतीच्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की तळं कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं तेच कळेना. अख्खं राज्य घोंगड्या पांघरून फेराच्या कडेला उभं. निळ्या मोटारीत शेजारच्या राजाचा सारथी होता, मोठ्या मिशांचा गडी. आमची राजरेघ त्याला आमच्यापेक्षा जास्त पाठ. त्यानं बाईला बघून विचारलं, "वहिनी, सोबत पोहायचे कपडे आणलेत ना?"

बाई म्हणाली, "तुम्हाला लागले तर देईन, भावजी."

तळ्याभोवती तीन फेरे घालायचे होते. नगारा वाजला. निळी मोटार सुसाट सुटली, राजरेघ पकडून. आमची बाई मात्र पहिल्याच वळणाला रेघ सोडून बाहेर गेली. गुरुजींनी कपाळावर हात मारला. लोक ओरडायला लागले, "बाई, त्यापेक्षा बैलगाडी आणायची!" राजा सिंहासनावरून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

पहिला फेरा संपला तेव्हा निळी पुढं होती. दुसऱ्यात अंतर थोडं कमी झालं. का, ते कोणाला कळेना. निळी वळणावळणाला वळवळत होती, मिशीवाला स्टेअरिंगशी कुस्ती खेळत होता. लाल मोटार कधी बाहेरून, कधी मधून, पाण्याच्या उतारावर तर गोगलगाईसारखी, पण सरळ. तिची चाकं कुठंच घसरली नाहीत.

तिसऱ्या फेऱ्याला चिंचेच्या वळणाआधी दोघी शेजारी शेजारी आल्या. आतून निळी, बाहेरून लाल. मिशीवाल्यानं बघितलं, बाई बरोबरीला आली. इतकी वर्षं त्याला मागं टाकायला कोणी आलं नव्हतं. त्यानं रागानं वेग वाढवला आणि वळण आलं तसा राजरेघेवर करकचून ब्रेक मारला.

निळी मोटार गरकन फिरली. शेपूट बाईच्या अंगावर आलं.

आता बघा तिची गोची. आत सरकावं तर साबण. ब्रेक मारावा तर तळं, आणि तळ्यामागून लोहाराची भट्टी. बाहेर जावं तर तिथं टिटवी.

टिटवी ओरडली. उडाली नाही हं. जागेवर बसून ओरडली.

बाईनं आवाज ऐकला. तिथून अंडी किती लांब ते तिला कळलं, म्हणजे आपल्याला जागा किती ते कळलं. तिनं ब्रेकवर पाय टेकवला, मग थोडा, मग अजून थोडा. मोटारीनं मान तुकवल्यासारखं नाक खाली घेतलं आणि ती निळीच्या शेपटाच्या आणि टिटवीच्या मधून निघाली. चाकानं उडवलेलं पाणी टिटवीच्या डोक्यावर पडलं. अंड्यांवर नाही.

मागं मोठा धबाका झाला. निळी मोटार तळ्यात. मिशीवाला वर आला तेव्हा त्याच्या एका मिशीला शेवाळ लटकत होतं.

लाल मोटार शेवटच्या खांबापाशी येऊन थांबली. बाईनं आधी इंजिन बंद केलं, मग मागं पळत जाऊन मिशीवाल्याला दोर टाकला.

काठावर येताच त्या गड्यानं पहिला शब्द काढला तो, "वहिनी, कसं केलंत?" गडी दिलदार होता म्हणायचा.

राजा भिजत खाली आला. "रेघ सोडलीस?"

"सोडली, महाराज."

"कोणाला विचारून?"

"जमिनीला. आणि ह्या टिटवीला."

गुरुजी पुढं आले. चेहरा पडलेला. "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं?"

"नाही हो गुरुजी. उन्हात तुमचंच बरोबर आहे. उन्हात मीसुद्धा रेघेवरूनच जाणार."

गुरुजींनी जोडे काढले, धोतर वर घेतलं आणि राजरेघेवर पाऊल टाकलं. धपकन बसले. सगळं राज्य श्वास रोखून बघतंय. म्हातारा उठला, परत पाऊल टाकलं, परत बसला. मग खरबरीत दगडावर हात ठेवला, परत रेघेवर ठेवला, आणि लहान पोरासारखा म्हणाला, "अरेच्चा! असं का होतं?"

त्यांनी त्या दोन हाकललेल्या सारथ्यांना परत बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तुम्ही खरं बोललात. मी चुकलो." माफी मागितली. त्यानं त्यांचं काही कमी झालं नाही. काही लोकांना एवढंही जमत नाही, ते सोडा.

लाल मोटार भट्टीत गेली नाही. बाई स्वतः म्हातारी होईपर्यंत ती चालवत राहिली. बायका अजून नारळाच्या शेंडीनं राजरेघ घासतात, पण पावसाची शर्यत असली की आधी सगळे सारथी, राजासकट, अनवाणी फेर चालतात आणि जागोजागी आपटतात. आणि चिंचेच्या वळणावर त्या वर्षी टिटवीची पिल्लं निघाली, सगळी आईसारखी भांडखोर.

ह्यातून घ्यायचं ते एवढंच: पायाखालची जमीन बदलली, की पाठ केलेली वाट बाजूला ठेवून आधी जमिनीला विचारावं.

संपली गोष्ट. आणि भर पारावर, चार माणसांत, जो म्हणाला होता की ह्या गोष्टीत टिटवी नव्हतीच, म्हाताऱ्यानं ती पदरची घुसडली, त्यानं हे नीट वाचावं. टिटवी नसती तर बाईला पाय ठेवायला कोणी शिकवलं असतं? टिटवी होती. माफी अजून यायची आहे. ऐकलंस ना, सावळेराम गुंजाळा?