दाजीशास्त्र्यांनी जुळवलेली पेटी

कृष्णेच्या काठी एका मठात अमलगिरी महाराज राहत. त्यांचे शिष्य दाजीशास्त्री लेले. शास्त्रीबुवांचा मुलगा श्रीरंग. आणि श्रीरंगाची बायको... ती काही येईना.

येईल कशी? पत्रिका शास्त्रीबुवा स्वतः जुळवत. गावातली लग्नं ते एका बैठकीत जमवत, पण स्वतःच्या मुलासाठी आलेली एक पत्रिका त्यांच्या पसंतीस उतरेल तर शपथ. भाव्यांची शालन श्रीरंगाला आवडली होती, तर तिचे गुण अकराच भरले. पोराच्या कानशिलावरचे केस पिकायला लागले. त्याची आई आधी बोलून बोलून दमली, मग नवऱ्याशी बोलायचीच थांबली.

अशात कुणा भक्तानं महाराजांना जुना रेकॉर्ड प्लेअर दिला. सुई जुनी, पण चांगली. सुईचा आवाज बारीक, तो वाढवून पुढे धाडायला मधे एक पेटी लागते, फोनो प्रीअँप म्हणतात तिला. तेवढी नव्हती.

जुळवायचं म्हटल्यावर शास्त्रीबुवा थोडेच मागे राहतात. ते म्हणाले, मी बघतो.

भाव्यांचा धंदा स्पीकर भाड्यानं द्यायचा. त्यांच्याकडून शास्त्रीबुवांनी पेट्यांच्या माहितीचे कागद मागवले, पंचांगासारखे मांडीवर पसरले आणि गुण मांडले. आवाज सगळ्यात जास्त वाढवणारी जी, तिला सगळ्यात जास्त. एक लहानशी होती, ती नापास.

पेट्या घेऊन शालन आली. जोडायला श्रीरंग बसला.

भरघोस गुणांची पेटी जोडली, रेकॉर्ड फिरली, आणि काय सांगावं, असा कल्लोळ उठला की कोनाड्यात निजलेली मांजर थेट आढ्यावर. गाणाऱ्या बाईंचा कुणी गळा आवळतंय असं वाटत होतं.

"सुईच वाईट आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "बदला ती."

महाराज उठले. शास्त्रीबुवांच्या खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्यानंच त्यांचे डोळे बांधले.

"हे काय, महाराज?"

"ऐका."

...

मागे थोडी खुडबुड झाली. मग तेच गाणं पुन्हा लागलं. बाई मधे श्वास घेत होत्या, तोसुद्धा ऐकू येत होता. शास्त्रीबुवांची मान डोलायला लागली. हात मांडीवर ताल धरू लागला.

"हीच," ते म्हणाले. "हिचे गुण किती भरले होते?"

महाराजांनी उपरणं सोडलं. जोडलेली होती ती नापास पेटी.

शालन म्हणाली, ही सुई इतर सुयांच्या मानानं मोठ्यानं बोलणारी, हिला थोडका आधार पुरतो. ती मोठी पेटी कुजबुजणाऱ्या सुईसाठी.

शास्त्रीबुवांनी कागद उचलला... खाली ठेवला. समोर श्रीरंग पेटीच्या झाकणाचे स्क्रू आवळत होता. तो न बघता हात पुढे करी, आणि शालन न विचारता त्यात हवं ते ठेवी.

त्या वैशाखात लेल्यांच्या घरी सून आली. श्रीरंगाची आई नवऱ्याशी पुन्हा बोलायला लागली, ती अजून थांबलेली नाही.

पण पेटी जुळली त्या दिवशी शास्त्रीबुवांनी एकदा विचारून पाहिलंच.

"महाराज, पण ते अकरा गुण..."

"हळू बोला, शास्त्री. गाणं चाललंय."