सातव्या खाटेवरचा होकार

एकदा एका अवाढव्य रुग्णालयात, जिथे नवख्या माणसाचा निम्मा दिवस रस्ता शोधण्यातच जातो, वृषाली नावाची परिचारिका नोकरीला लागली. पुरुषांच्या वॉर्डात तिला काम शिकवायला साळवे सिस्टर होत्या. तीस वर्षांची सेवा झालेली, निवृत्ती तोंडावर आलेली.

सिस्टरांची एक गोष्ट वृषालीला काही केल्या उलगडेना. औषध देण्यापूर्वी त्या प्रत्येक रुग्णाला म्हणत, "नाव सांगा." तीन-तीन आठवडे मुक्काम ठोकलेल्यांनाही! त्यांतले धोंडिबा तर रोज थट्टा करत, "सिस्टर, कालचं नाव पचलं वाटतं?" सगळा वॉर्ड हसे. सिस्टरही हसत, पण नाव ऐकल्याशिवाय गोळी हातावर ठेवत नसत. वयोमानाने यांना विसर पडतो की काय, आणि मेट्रनच्या कानावर घालावे का, हा विचार वृषालीची पाठ सोडेना.

एके दुपारी, त्याच सकाळी दाखल झालेल्या तुळशीराम नावाच्या वृद्धासाठी रक्ताची पिशवी आली. वृषाली त्यांना नेमून दिलेल्या सातव्या खाटेपाशी गेली.

"तुळशीराम ना तुम्ही?"

"हो, बाई."

रक्त चढवण्याआधी दोघींनी खात्री करायची, असा नियम. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, नाव सांगा."

"महिपती."

वृषालीने पिशवी झटकन मागे घेतली. तुळशीराम शेजारच्या खाटेवर होते. त्यांना खिडकीचा वारा सोसेना, म्हणून दोघा म्हाताऱ्यांनी आपसांत खाटा बदलल्या होत्या.

"मग मघाशी हो का म्हणालात?" तिने विचारले.

"बाई, तुमी इतक्या शिकल्याल्या. म्हटलं, कागदावर तसंच लिवलं आसंल. तुमाला खोटं कसं पाडू?"

सिस्टरांनी तिला बाजूला घेतले. "पोरी, इथे आलेला माणूस भेदरलेला असतो. आपण जे विचारू त्याला तो हो म्हणतो. त्याला वाटतं, यांना सगळं ठाऊक आहे. आपल्याला वाटतं, तो हो म्हणाला म्हणजे झालं. अशानं एखाद्याचा जीव जायचा. म्हणून मी त्याच्या तोंडी नाव घालत नाही, त्याच्याच तोंडून ऐकते."

"पण धोंडिबांना तर तुम्ही ओळखता!"

"ओळखीच्या माणसाकडे आपण नीट बघत नाही. म्हणून तिथे मी जास्त सांभाळते."

संध्याकाळी गोळ्या वाटताना वृषाली धोंडिबांपाशी थांबली.

"नाव सांगा, बाबा."

"घ्या! आता तूही विसरलीस?"

"नाही, बाबा," ती हसून म्हणाली, आणि नाव ऐकेपर्यंत गोळी मुठीत धरून उभी राहिली.