टिंबीचं चॉकलेट आणि फुरकेवाडीचा चहा

जरा जवळ या. आणखी जवळ. गोष्ट मुंगीएवढी आहे, लांबून दिसायची नाही.

फुरकेवाडीत एक मुंगी राहायची. तिचं नाव टिंबी. टिंबी एवढीशी. तिळालासुद्धा ती ताई म्हणायची.

एके दिवशी टिंबीला चॉकलेट सापडलं. चांगलं शेंगदाण्याएवढं. टिंबीने ते ओढलं. हुश्श. मग ढकललं. हुश्श. वारुळात सगळ्या मुंग्या वाट बघत होत्या. धाकट्या मुंग्यांनी चॉकलेट कधी चाखलंच नव्हतं.

"मी आणते हं," टिंबी त्यांना सांगून आली होती. "सगळ्यांना देते."

वाटेत लागला मांडव. फुरकेवाडीत त्या दिवशी चॉकलेटचा चहा चाखायचा होता. प्यायचा नाही हं, चाखायचा. पिणं वेगळं, चाखणं वेगळं. चाखणं म्हणजे थोडंसं प्यायचं आणि खूप बोलायचं.

चहा करत होत्या यमूकाकू. किटलीत पाणी होतं. पाण्यात चहा होता. चॉकलेट मात्र नव्हतं. काकूंनी चहासाठी मोठी वडी आणली होती. "बघू तरी कशी लागते," म्हणून एक तुकडा खाल्ला. "नीट कळलं नाही," म्हणून दुसरा खाल्ला. नीट कळेपर्यंत वडी संपली.

आता काय करायचं? काकूंनी इकडे बघितलं. तिकडे बघितलं. खाली बघितलं. टिंबीचं चॉकलेट दिसलं. टिंबी काही दिसली नाही. मोठ्या माणसांना हवं तेवढंच दिसतं.

काकूंनी चॉकलेट उचललं. त्यावर फुंकर मारली, फूऽऽ. टिंबी उडाली आणि गवतात पडली. चॉकलेट गेलं किटलीत. डुबुक. वर बसलं झाकण. खट्ट.

टिंबी उठली. अंग झटकलं. आली तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू, काकू, झाकण काढा.
झाकण नाही, तर चॉकलेट नाही.
आणि माझं चॉकलेट चाललंय विरघळून."

"तुझं होय?" काकू म्हणाल्या. "मग सांभाळायचं नाही का नीट? आता आधी गाळणं धरतात, मग झाकण काढतात. रीत म्हणजे रीत. गाळणं धरल्याशिवाय मी नाही झाकण काढत, जा."

किटलीतून वाफ आली. फुस्स. आत चॉकलेट झालं जरा मऊ.

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गाळणं होतं जनूभाऊंकडे. जनूभाऊ गाळण्यातून आभाळ बघत होते. मधूनच बोटाने वाजवत होते. टिंग टिंग.

"जनूभाऊ, जनूभाऊ, गाळणं धरा.
गाळणं नाही, तर झाकण नाही.
झाकण नाही, तर चॉकलेट नाही.
आणि माझं चॉकलेट चाललंय विरघळून."

"धरू कशावर? हवेत?" जनूभाऊ म्हणाले. "आधी कप मांडतात, मग गाळणं धरतात. रीत म्हणजे रीत. कप मांडल्याशिवाय मी नाही गाळणं धरत, जा."

किटलीतून वाफ आली. फुस्स. आत चॉकलेट झालं आणखी मऊ.

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. कप होते ताराआत्याकडे. ताराआत्या पदराने कप पुसत होती. पुसलेले कप पुन्हा पुसत होती. किण किण.

"ताराआत्या, ताराआत्या, कप मांडा.
कप नाहीत, तर गाळणं नाही.
गाळणं नाही, तर झाकण नाही.
झाकण नाही, तर चॉकलेट नाही.
आणि माझं चॉकलेट चाललंय विरघळून."

"रिकाम्या खुर्चीपुढे कप मांडू?" आत्या म्हणाली. "लोक हसतील मला. आधी चाखणारे बसतात, मग कप मांडतात. रीत म्हणजे रीत. अप्पासाहेब बसल्याशिवाय मी नाही कप मांडत, जा."

किटलीतून वाफ आली. फुस्स. आत चॉकलेट झालं मऊ मऊ मऊ.

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. अप्पासाहेब खुर्चीपाशीच उभे होते. चहा चाखण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, असं ते स्वतःच सांगायचे. नाक मोठं. नाकापेक्षा फेटा मोठा. पाय दुखत होते. खुर्ची समोर होती. तरी बसत नव्हते.

"अप्पासाहेब, अप्पासाहेब, खुर्चीत बसा.
बसणं नाही, तर कप नाहीत.
कप नाहीत, तर गाळणं नाही.
गाळणं नाही, तर झाकण नाही.
झाकण नाही, तर चॉकलेट नाही.
आणि माझं चॉकलेट चाललंय विरघळून."

"आपण होऊन बसू?" अप्पासाहेब म्हणाले. "मी काय वाटेवरचा आहे? आधी 'या, बसा' म्हणतात, मग बसतात. रीत म्हणजे रीत. 'या, बसा' म्हटल्याशिवाय मी नाही बसत, जा."

आणि एक पाय उचलून दुसऱ्या पायावर उभे राहिले.

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. 'या, बसा' म्हणायचं होतं सरपंचबाईंनी. बाईंच्या हातात माइक होता. बाई माइकला विचारत होत्या, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का? हॅलो, हॅलो." माइक काही उत्तर देत नव्हता.

"सरपंचबाई, सरपंचबाई, 'या, बसा' म्हणा.
'या, बसा' नाही, तर बसणं नाही.
बसणं नाही, तर कप नाहीत.
कप नाहीत, तर गाळणं नाही.
गाळणं नाही, तर झाकण नाही.
झाकण नाही, तर चॉकलेट नाही.
आणि माझं चॉकलेट चाललंय विरघळून."

"असं कसं म्हणू, सुकं सुकं?" सरपंचबाई म्हणाल्या. "आधी ताशा वाजतो, मग 'या, बसा' म्हणतात. रीत म्हणजे रीत. ताशा वाजल्याशिवाय मी नाही म्हणत, जा. हॅलो, हॅलो."

टिंबी दमली. पाय दुखले. मुंगीला पाय किती, माहिती आहे ना? तेवढे सगळे दुखले. तरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ताशा होता केरूमामाकडे. केरूमामा झाडाखाली आडवा झाला होता. ताशा पोटावर, काड्या ताशावर. आऽऽ करून जांभया देत होता.

"केरूमामा, केरूमामा, ताशा वाजवा.
ताशा नाही, तर 'या, बसा' नाही.
'या, बसा' नाही, तर बसणं नाही.
बसणं नाही, तर कप नाहीत.
कप नाहीत, तर गाळणं नाही.
गाळणं नाही, तर झाकण नाही.
झाकण नाही, तर चॉकलेट नाही.
आणि माझं चॉकलेट चाललंय विरघळून."

"वाजवतो की," केरूमामा म्हणाला. "पण माझा चहा कुठाय? आधी चहा पोटात जातो, मग हात चालतो. रीत म्हणजे रीत. चहा मिळाल्याबिगर मी नाही वाजवत, जा."

चहा? चहा तर किटलीत. टिंबी परत फिरली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू, काकू, चहा द्या.
चहा नाही, तर ताशा नाही.
ताशा नाही, तर 'या, बसा' नाही.
'या, बसा' नाही, तर बसणं नाही.
बसणं नाही, तर कप नाहीत.
कप नाहीत, तर गाळणं नाही.
गाळणं नाही, तर झाकण नाही.
झाकण नाही, तर चॉकलेट नाही.
आणि माझं चॉकलेट चाललंय विरघळून."

काकू काय म्हणाल्या असतील? ओळखा बघू.

"रीत म्हणजे रीत," काकू म्हणाल्या. "गाळणं धरल्याशिवाय मी नाही झाकण काढत, जा."

घ्या. काकू थांबल्या जनूभाऊंसाठी. जनूभाऊ थांबले आत्यासाठी. आत्या थांबली अप्पासाहेबांसाठी. अप्पासाहेब थांबले सरपंचबाईंसाठी. बाई थांबल्या केरूमामासाठी. आणि केरूमामा थांबला काकूंसाठी. सगळे शहाणे आणि सगळे थांबलेले. हलत होती ती फक्त मुंगी.

किटलीतून वाफ आली. फुस्स. ती वाफसुद्धा आता दमली होती.

टिंबीला रडू आलं. मग राग आला. रडू मोठं का राग मोठा? राग मोठा. टिंबी निघाली ती थेट झाडाखाली. तुरुतुरुतुरुतुरु. केरूमामाच्या पायाच्या अंगठ्यावर चढली.

"केरूमामा," टिंबी म्हणाली, "मुंगीची पण एक रीत असते."

"असते? कुठली गं?"

कच्च.

"आई आई आई," केरूमामा उठला. ताशा घरंगळला. काड्या ताशावर नाचल्या. तड तड तड तड तडाम.

वाजला ताशा, झालं 'या, बसा'.
झालं 'या, बसा', बसले अप्पासाहेब. धप्प.
बसले अप्पासाहेब, मांडले कप. किण किण.
मांडले कप, धरलं गाळणं. टिंग.
धरलं गाळणं, निघालं झाकण. खट्ट.

"अहो, मी वाजवला नाही, मला मुंगी चावली," केरूमामा सांगत होता. ऐकतंय कोण?

काकूंनी किटली उचलली. किटली हलवली नाही. चहा ढवळला नाही. चाखायच्या चहात चमचा घालायचा नसतो म्हणे. तीही एक रीत. काकूंनी वरचा वरचा चहा अलगद ओतला. सर्रर्र.

टिंबी धावली. गाळण्यात बघितलं. चॉकलेट नाही. कपात बघितलं. चॉकलेट नाही. दुसऱ्या कपात बघितलं. तिथेही नाही.

"विरघळलं," टिंबी म्हणाली. "गेलं माझं चॉकलेट. आता घरी काय सांगू?"

ती कपाच्या मागे बसून रडली. एवढुसं रडली. कुणाला ऐकू गेलं नाही. सरपंचबाईंचा माइक शेजारीच होता, पण तो तर बाईंचंही ऐकत नव्हता.

अप्पासाहेबांनी कप उचलला. वास घेतला. फुं फुं. घोट घेतला. सुर्रर्र. तोंडात फिरवला. खुळ खुळ खुळ. आणि वाटीत थुंकला. पिच्च. ही म्हणे चाखायची पद्धत. तुम्ही घरी करून बघा, पाठीत धपाटा मिळेल.

अप्पासाहेबांनी डोळे मिटले. चहा साधाच लागत होता. कोरा, कडू आणि कोमट. पण एवढं नाक, एवढा फेटा, एवढा ताशा वाजलेला. साधा आहे असं म्हणायचं कसं?

"वा," अप्पासाहेब म्हणाले. "काय चॉकलेट."

सरपंचबाईंनी घोट घेतला. सुर्रर्र. अप्पासाहेबांकडे बघितलं. "वा. काय चॉकलेट."

ताराआत्याने घोट घेतला. सुर्रर्र. सरपंचबाईंकडे बघितलं. "वा. काय चॉकलेट."

जनूभाऊंनी घोट घेतला. सुर्रर्र. आत्याकडे बघितलं. "वा. काय चॉकलेट."

केरूमामालाही कप मिळाला. तो अंगठा चोळत चोळत प्यायला. त्याने सगळ्यांकडे बघितलं. "वा. चॉकलेट म्हणजे काय चॉकलेट."

काकूंनी घोट घेतला. सुर्रर्र. सगळ्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्या हाताला चवच आहे तशी."

टिंबीचं नाव कुणी घेतलं? कुणीच नाही.

कप रिकामे झाले. काकूंनी किटलीत डोकावलं. "इश्श, तळाला केवढा गाळ बसलाय."

"गाळ?" अप्पासाहेबांनी नाक दाबलं. "छी छी. फेकून द्या. गाळ कुणी खातं का?"

काकू मांडवामागे गेल्या. किटली उलटी केली. तळावर चापट मारली. थप्प. गाळ पडला गवतात, वारुळाच्या दाराशी.

टिंबी हळूहळू घरी येत होती. मान खाली होती. तेवढ्यात तिला वास आला. ती थांबली. गाळाजवळ गेली. एक पाय लावला. मऊ. तोंड लावलं. गोड.

अगं बाई. चॉकलेट विरघळलं होतं, पण कुठे गेलं नव्हतं. डुबुक करून जे तळाला बसलं, ते तळालाच बसून राहिलं. कुणी ढवळलंच नाही, तर वर येणार कसं? सगळंच्या सगळं इथे होतं. आणि आता चांगलं कोमट झालेलं.

"या गं," टिंबीने हाक मारली. "सगळ्या या."

ताशा वाजला नाही. कप मांडले नाहीत. कुणी कुणासाठी थांबलं नाही. वारुळातून मुंग्या आल्या, तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. मोठ्या आल्या, धाकट्या आल्या, कालच चालायला लागलेल्याही आल्या. सगळ्या गाळात तोंड घालून बसल्या. चट चट चट. मट मट मट.

मांडवात अजून चाललंच होतं. "वा, काय चॉकलेट." "वा वा, काय चॉकलेट."

सगळ्यात धाकटी मुंगी म्हणाली, "टिंबीताई, ती माणसं कशाला नावाजतायत गं?"

टिंबीचं तोंड भरलेलं होतं. तिने आणखी एक घास घेतला.

किटली झाली रिकामी, गोष्ट झाली पुरी.